आयसोनियाझिडच्या हायड्राझोनवर पीएचडी: विषय घेण्याआधी गाईडना काय विचाराल?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एम.फार्म. फार्मास्युटिकल केमिस्ट्रीत, वय २७, तीन वर्षं एपीआय (औषधातला मुख्य घटक) बनवणाऱ्या कंपनीच्या आर अँड डीत. विद्यापीठाची पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) निघाली. गावाजवळच्या कॉलेजातले एक सर गाईड व्हायला तयार आहेत आणि विषयही त्यांनीच दिलाय: आयसोनियाझिड या क्षयरोगावरच्या जुन्या औषधाची काही नवीन हायड्राझोन (औषधाला आल्डिहाइड जोडून होणारी संयुगं) बनवायची आणि क्षयरोगाच्या जंतूवर तपासायची. फेलोशिप नाही. नोकरी सोडून हे घ्यावं, की आयसीटी, एनसीएल, नायपर अशी एखादी मोठी संशोधन संस्था मिळेपर्यंत थांबावं?

तुम्ही पगाराबद्दल दहा ओळी लिहिल्यात, संस्थांबद्दल सहा आणि विषयाबद्दल एक. मी उलट्या क्रमाने जाते.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की पीएचडी विदर्भातल्या एका कॉलेजातून केली, त्यानंतर नऊ वर्षं कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंट केलं आणि आता अकरा वर्षं शिकवते, गाईड करते. पाच विद्यार्थी पूर्ण झाले. एकाने मध्येच सोडलं, आणि सोडलं ते बरं केलं असं मला आजही वाटतं. त्यामुळे मी सांगते ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे, पण शेवटी माझ्याच अनुभवातलं आहे.

आता तो विषय. आयसोनियाझिड इथेनॉलमध्ये घ्यायचं, एखादं आल्डिहाइड टाकायचं, ग्लेशियल असिटिक ॲसिडचे दोन थेंब, तीन-चार तास रिफ्लक्स. थंड केलं की फ्लास्कच्या तळाशी पांढरे-पिवळे खडे बसतात. गाळा, धुवा, इथेनॉलमधूनच पुन्हा क्रिस्टल करा. आर अँड डीत तीन वर्षं काढलेल्या माणसाला वीस संयुगं करायला दोन महिने पुष्कळ झाले. म्हणजे प्रबंधाचा ‘संश्लेषण’ हा अर्धा भाग पहिल्याच पावसाळ्यात उरकतो. खूप जण हा विषय घेतात ते याच कारणाने, आणि गोमही इथेच आहे.

हायड्राझोन म्हणजे पाणी बाहेर टाकून झालेला बंध. पाणी मिळालं, त्यातही आम्ल मिळालं, की तो उलटा फिरतो आणि आल्डिहाइड व आयसोनियाझिड पुन्हा सुटे होतात. आता चाचणीकडे बघा. क्षयाचा जंतू अतिशय संथ. एकाचे दोन व्हायला वीसएक तास घेतो, म्हणून प्लेट आठवडाभर ३७ अंशांवर ठेवावी लागते. तुमचं संयुग इतके दिवस कोमट पाण्यात बसून राहणार. आठवड्याने जंतू मेलेले दिसले तर ते तुमच्या नवीन संयुगाने मारले की त्यातून सुटलेल्या आयसोनियाझिडने? आयसोनियाझिड क्षयावर चालतं हे १९५२ पासून जगाला माहीत आहे. ते पुन्हा सिद्ध करायला तुमची पाच वर्षं कशाला?

म्हणून गाईडना पहिला प्रश्न हा विचारा: सर, ॲक्टिव्हिटी (जंतूवरचा परिणाम) आली तर ती हायड्राझोनचीच आहे हे आपण कसं दाखवणार?

याची तीन-चार उत्तरं आहेत आणि एकही महाग नाही. पहिलं, संयुग ७.४ पीएचच्या बफरमध्ये आणि १.२ पीएचच्या आम्लात ३७ अंशांवर ठेवून दर काही तासांनी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बघायचं, किती उरलं आणि आयसोनियाझिड किती सुटलं. दुसरं, प्रत्येक चाचणीत आयसोनियाझिड शेजारच्याच खणात ठेवायचं आणि तुलना मायक्रोग्रॅममध्ये न करता मोलमध्ये करायची. हायड्राझोनचा रेणू जड असतो, त्यामुळे मायक्रोग्रॅममधले आकडे फसवतात. तिसरं, ज्यांच्यात कॅट-जी हे एन्झाइम बिघडलेलं आहे अशा जंतूवर तपासून घ्यायचं. आयसोनियाझिड स्वतः काही करत नाही. जंतूचं कॅट-जी त्याला जागं करतं, मग त्याची पेशीतल्या एनएडी या रेणूशी जोडी होते आणि ती जोडी इन्हा-ए हे एन्झाइम बंद पाडते. कॅट-जी बिघडलेल्या जंतूवर तुमचं संयुग निकामी ठरलं तर ते आयसोनियाझिडचाच दुसरा अवतार आहे हे बहुतेक नक्की. तिथेही चाललं, तर मात्र खुर्ची पुढे ओढून बसायची वेळ आली. चौथं, त्या हायड्राझोनमधला कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध सोडियम सायनोबोरोहायड्राइडने एकेरी करायचा. असा रेणू त्याच वाटेने उलटा फिरू शकत नाही. दोघांची तुलना केली की बरंच काही कळतं.

विषय वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, हे लक्षात घ्या. याच विषयात एक खरा प्रश्न दडलेला आहे. आपल्या शरीरात आयसोनियाझिडच्या टोकाच्या नायट्रोजनवर असिटाइल गट चढतो आणि औषध निकामी होतं. काही लोकांत हे झपाट्याने होतं, काहींत सावकाश. तो नायट्रोजन आधीच झाकून टाकला तर? झाकण किती टिकलं पाहिजे? फार लवकर सुटलं तर उपयोग नाही आणि कधीच सुटलं नाही तर कदाचित औषधच चालणार नाही. आल्डिहाइडची बाजू बदलून हा वेग हवा तसा राखता येतो का? या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तरी ते उत्तर आहे आणि प्रबंध उभा राहतो. ‘काही नवीन हायड्राझोन बनवून तपासणे’ या शीर्षकात प्रश्नच नाही. त्यामुळे उत्तर ‘नाही’ आलं की विद्यार्थी घाबरतो आणि आकडे ‘मॉडरेट टू गुड’ होऊ लागतात. गेल्या काही वर्षांत मी परीक्षक म्हणून वाचलेल्या प्रबंधांत ‘मॉडरेट टू गुड ॲक्टिव्हिटी’ इतकी वेळा वाचलीय की कधी कधी वाटतं, आपल्याकडे वाईट संयुगं तयारच होत नाहीत.

आयसोनियाझिडचीच गंमत सांगते. हा रेणू पहिल्यांदा बनला १९१२ साली, प्रागमध्ये, डॉक्टरेटच्या कामात. मेयर आणि माली यांनी तो बनवला, वितळबिंदू वगैरे नोंदवला आणि विषय संपला. क्षयावर तो चालतो हे कळायला पुढे चाळीस वर्षं गेली. त्या काळात क्षयाने किती माणसं गेली याचा हिशोब कोण करणार? त्यांचा दोष नाही, तेव्हा तसा विचारच नव्हता. पण रेणू बनवणं आणि त्याला योग्य प्रश्न विचारणं यात किती अंतर असू शकतं, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी याच गोष्टीवरून सांगते.

दुसरा प्रश्न: चाचणी कुठे आणि कोणत्या जंतूवर? खऱ्या क्षयाच्या जंतूसाठी विशेष सुरक्षिततेची लॅब लागते, ती फार्मसी कॉलेजात नसते. त्यामुळे कामं बाहेर पाठवतात किंवा स्मेग्मॅटिस या निरुपद्रवी भावंडावर भागवतात. स्मेग्मॅटिसवर आयसोनियाझिड स्वतःच फारसं चालत नाही, म्हणजे या विषयासाठी ती चाचणी जवळजवळ बिनकामाची. बाहेर पाठवणार असाल तर त्या लॅबशी बोलणं झालंय का, लेखी काही आहे का, पैसे कोण भरणार, हे आत्ताच विचारा. ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजा.

आता तुमचा संस्थांचा प्रश्न. मोठ्या संस्थेचं नाव सीव्हीवर उठून दिसतं हे खरंच. पण माझ्या मते खरा फरक वेगळा आहे, आणि तो मला माझ्याच फजितीतून कळला.

माझं दुसरं वर्ष. थायाझोलच्या रिंगला लावलेल्या साखळीच्या टोकाला इथाइल एस्टर करायचा होता. कॉलेजात एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं यंत्र) नव्हतं, सॅम्पल बाहेर जायचं. दीड महिन्याने लिफाफा आला. कागद उघडला तर ४.१२ ला क्वार्टेट, १.२६ ला ट्रिप्लेट, म्हणजे चार आणि तीन टोकांचे सिग्नल. इथाइलची खूण! मी लॅबमधल्या सगळ्यांना चहा पाजला. दरम्यान त्या ‘एस्टर’वर पुढच्या दोन स्टेप्सही करून बसले होते, म्हटलं वेळ कशाला घालवा. सरांनी कागद चष्म्याजवळ धरला, पेन्सिलीने २.०५ च्या सिंग्लेटभोवती गोल काढला आणि विचारलं, “आणि हे काय गं?” ते होतं इथाइल असिटेट. मी शुद्धीकरणाचा कॉलम त्याच द्रावकात चालवला होता आणि नंतर संयुग पंपावर पुरेसं सुकवलं नव्हतं. एस्टर झालाच नव्हता. दीड महिना, दोन स्टेप्स आणि चहाचे पैसे, सगळं पाण्यात.

तीच चूक, एनएमआर खालच्या मजल्यावर असलेल्या लॅबमध्ये, संध्याकाळपर्यंत कळली असती. शेजारच्या बाकावरच्या सीनियरने तर कागदावर नुसती नजर टाकून सांगितलं असतं. एनसीएल किंवा आयसीटीसारख्या ठिकाणी तुम्ही जास्त हुशार होत नाही. तिथे तुमची चूक लवकर पकडली जाते एवढंच, आणि पाच वर्षांत हा हिशोब फार मोठा होतो. म्हणून मी कॉलेज की इन्स्टिट्यूट असं विचारत नाही. मी विचारते, आपण चुकलो हे इथे किती दिवसांत कळेल? छोट्या कॉलेजातही याचं उत्तर चांगलं असू शकतं. एचपीएलसी चालू अवस्थेत आहे का, एनएमआरसाठी आयआयटी मुंबईच्या किंवा चंदिगडच्या सैफकडे (बाहेरच्यांची सॅम्पल तपासून देणारं यंत्रकेंद्र) नियमित सॅम्पल जातात का, गाईड स्वतः स्पेक्ट्रम वाचतात की रिपोर्टवर सही करतात. नुसतं ‘आमच्याकडे यंत्र आहे’ यावर जाऊ नका. यंत्राची लॉगबुक बघा. शेवटची नोंद मागच्या दिवाळीची असेल तर तो शोपीस आहे.

स्पेक्ट्रमवरून आठवलं. असिलहायड्राझोनमध्ये (तुमची हायड्राझोन याच प्रकारची) कधी कधी डीएमएसओ या द्रावकात सिग्नलच्या दोन-दोन जोड्या दिसतात, कारण अमाइडच्या बंधाभोवती रेणू दोन अंगांनी बसतो. अनेक विद्यार्थी त्याला अशुद्धी समजून संयुग चार वेळा क्रिस्टल करतात किंवा त्याहून वाईट, लहान जोडी रिपोर्टातून गाळतात. तापमान वाढवून एनएमआर घेतला आणि जोड्या एकमेकींत मिसळू लागल्या तर प्रश्न मिटला. तुमच्या सरांना हे सहज विचारून बघा. त्यांचा चेहरा काय सांगतो ते बघा.

चौथी गोष्ट संयुगांच्या निवडीची. आपल्याकडे मालिका कशी ठरते? स्टोअरचं कपाट उघडायचं आणि त्यात जी आल्डिहाइडं आहेत ती घ्यायची: क्लोरो, ब्रोमो, नायट्रो, मेथॉक्सी, डायमिथाइलअमिनो. मीही हेच केलंय, हसून सांगते पण अभिमानाने नाही. टॉपलिस यांनी १९७२ मध्येच यावर एक साधी पद्धत दिली होती. आधी मोकळी बेंझीन रिंग आणि पॅरा-क्लोरो, दोन्ही करा. क्लोरो जास्त चाललं तर पुढे ३,४-डायक्लोरो. सारखंच चाललं तर पॅरा-मिथाइल. कमी चाललं तर पॅरा-मेथॉक्सी. म्हणजे प्रत्येक संयुग आधीच्या उत्तराला धरून येतं. ती पद्धत तशीच्या तशी वापरा असं नाही, पण ‘हे संयुग का केलं’ याला ‘बाटली होती’ हे उत्तर नको. व्हायवात परीक्षक नेमकं हेच विचारतात. निदान मी तरी विचारते. आणि डॉकिंगचं (रेणू एन्झाइममध्ये कसा बसेल याचा संगणकी अंदाज) रंगीत चित्र म्हणजे ‘का’चं उत्तर नव्हे. ॲक्टिव्हिटी आल्यावर मागाहून केलेलं डॉकिंग तर नाहीच नाही.

इथपर्यंत तुमच्या हातात विचारायला चार गोष्टी आल्या: ॲक्टिव्हिटी कोणाची हे कसं ठरणार, चाचणी नक्की कुठे होणार, चूक किती दिवसांत कळणार, आणि संयुगं कशाच्या आधारे निवडणार. गाईडबद्दल आणखी एक, जे ते स्वतः सांगणार नाहीत. त्यांच्या शेवटच्या दोन विद्यार्थ्यांना फोन करा. ‘सर चांगले आहेत का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, लिहून दिलेलं चॅप्टर किती दिवसांनी परत यायचं? आणि यूजीसीच्या नियमाने प्रोफेसरना एका वेळी आठ, असोसिएटना सहा आणि असिस्टंटना चार विद्यार्थी घेता येतात. तुमचा नंबर कितवा?

पैशाचं थेट बोलू. सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ ४२,०००, वर घरभाडं भत्ता. बी.फार्म. झालेल्यांनाही ती परीक्षा देता येते, पण पेपर केमिकल सायन्सेसचा असतो. इनऑर्गॅनिक आणि फिजिकल आपल्या लोकांना जड जातं, त्याची सहा महिने वेगळी तयारी लागते. वयाची अट आहे, तेव्हा हा प्रयत्न नंतर करू असं म्हणू नका. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही संशोधन फेलोशिप आहेत. तुम्ही कोणत्या गटात बसता ते मला माहीत नाही, जाहिरात आली की अटी शब्दन्‌शब्द वाचा. यातलं काहीच नसेल तर या विषयातली पीएचडी घरच्या पैशाने करणं मी तरी सांगणार नाही. सॉल्व्हंट, सिलिका, बाहेरच्या चाचण्या आणि शून्य पगार, हे सगळं एकदम अंगावर येतं. माझ्या ज्या विद्यार्थ्याने सोडलं त्याचं कारण रसायनशास्त्र नव्हतं, घराचा हप्ता होता.

वेळेचं म्हणाल तर २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, पुढे पुनर्नोंदणीने दोन. स्त्रियांना आणखी सवलत आहे. प्रत्यक्षात चार-साडेचार धरा. त्यातही ऋतू बघून कामं लावा. विदर्भात मे महिन्यात डायइथाइल ईथरची बाटली उघडली की फुस्स व्हायचं. उकळबिंदू ३४.६ आणि लॅबमध्ये चाळीस. माझी ईथरची सगळी कामं डिसेंबर-जानेवारीत व्हायची. (आणि ईथर घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका, त्यातल्या थर्मोस्टॅटच्या ठिणगीने स्फोट होतात.)

पीएचडी हवी कशाला, हे मात्र तुमच्यावर आहे. फार्मसी कॉलेजात शिकवायचं असेल तर असिस्टंट प्रोफेसर एम.फार्म.वर होता येतं, पुढे असोसिएट व्हायला पीएचडी लागतेच. कंपनीत प्रोसेस आर अँड डीत राहायचं असेल तर तुमची तीन वर्षं आणि पुढची चार मिळून होणारा अनुभव पीएचडीइतकाच चालतो. काही ठिकाणी जास्तच. औषध शोधणाऱ्या गटात, म्हणजे मेडिसिनल केमिस्ट म्हणून जायचं असेल तर कडू सत्य ऐका: तिथे मल्टीस्टेप सिंथेसिसवर हात बसलेले ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचे पीएचडी आधी उचलतात. दोन महिन्यांत उरकणारी हायड्राझोन तिथे कोणी विचारत नाही. ते ध्येय असेल तर थांबा आणि जेआरएफ काढा.

आणखी एक वाट तुम्ही लिहिलीच नाही. यूजीसी पार्ट-टाइम पीएचडीला परवानगी देते, कंपनीची ना हरकत लागते. कंपनी तिचे रेणू तुम्हाला प्रबंधात छापू देणार नाही, पण प्रश्न तिथूनच मिळू शकतो. २०१८ मध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए ही घातक अशुद्धी सापडली ते आठवा. टेट्राझोल रिंग बनवताना उरलेलं अझाइड मारायला सोडियम नायट्राइट टाकलं, डीएमएफ या द्रावकातून डायमिथाइलअमाइन आलं, दोघांचं आम्लात लग्न लागलं आणि कित्येक देशांतून गोळ्या परत मागवाव्या लागल्या. ही औषधरसायनशास्त्राची अस्सल समस्या, आणि तिचं मूळ तुम्ही रोज जिथे उभे राहता त्या रिॲक्टरमध्ये. तुमच्या आयसोनियाझिडलाही हे लागू पडतं. ते मोडताना हायड्राझिन सुटू शकतं आणि हायड्राझिन जनुकांना घातक. गोळीत साठवणुकीत ते किती वाढतं, कशामुळे वाढतं, सोबतच्या औषधांनी वाढतं का, यावर काम करायला एचपीएलसी, स्टॅबिलिटी चेंबर आणि तुमच्यासारखा प्रोसेस कळणारा माणूस पुरतो. सरांना विषयाचा मोहरा इकडे वळवायला तयार आहात का, असं विचारून बघा. चांगले गाईड अशा सूचनेने खूश होतात.

भेटीला जाताना एक पान लिहून न्या: प्रश्न काय, उत्तर ‘नाही’ आलं तर पुढे काय, चाचणी कुठे, पैसे कुठून. सरांनी त्यावर पेन्सिल चालवली, दोन ठिकाणी खोडून काही लिहिलं, तर बोलणं पुढे न्या. पान न वाचता बाजूला ठेवून ‘आधी ॲडमिशन घे, मग ठरवू’ म्हणाले, तर चहा पिऊन या आणि जेआरएफचा फॉर्म भरा. राजीनामा तोपर्यंत ड्रॉवरमध्येच असू द्या.